भोंगाताईची श्वासनळी

यंत्रमागांच्या कारखान्यात पहिल्या दिवशी पाऊल टाकणाऱ्याला वाटतं, आपले कान गेले. माग एका ठेक्यात खडखडत असतात, धोटे इकडून तिकडे आपटत असतात, पट्टे फडफडतात आणि पायाखालची फरशी थरथरते. जुने कामगार तिथे ओठ वाचतात, नाहीतर हाताच्या खुणांवर भागवतात. त्या सगळ्या गदारोळाच्या डोक्यावरून जाणारा माणसाचा आवाज एकच होता, आणि तो सुताच्या कांड्या भरणाऱ्या बायकांच्या मुकादमणीचा. तोंडावर तिला सगळे ताई म्हणत, पाठीमागे भोंगा, आणि दोन्ही जोडून भोंगाताई. तिला हे ठाऊक होतं. राग तर सोडाच, तिला त्याचा अभिमान होता.

एकदा एका नवीन मुलीची वेणी पट्ट्यात ओढली गेली. मुलगी किंचाळली, पण ते तिच्या शेजारणीलाही ऐकू गेलं नाही. भोंगाताई पार दुसऱ्या टोकाला होती. तिने वळून पाहिलं आणि अशी एक हाळी दिली, की मागांची देखभाल करणाऱ्या जॉबरने विचार न करताच खटका ओढला. मुलीचे मूठभर केस गेले, डोकं राहिलं. त्यानंतर मालकही तिच्याशी बोलताना 'अहो' म्हणू लागले.

घरी मात्र या आवाजाचं कौतुक नव्हतं. नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. जिन्याखालच्या एवढ्याशा टपरीत डोळ्याला भिंग लावून दिवसभर श्वाससुद्धा जपून घेणारा माणूस. तो म्हणायचा, "हळू बोल ना, मी बहिरा नाही."

"दिवसभर मागांशी बोलून येते," ती म्हणायची. "घरी आल्यावर बंद करायला मला खटका कुठाय?"

मुलगी शाळेत असल्यापासून बजावायची, आई, फाटकातून हाक मारू नकोस. पण घरमालक गळका नळ बदलून देईना, दुकानदार फाटकी छत्री परत घेईना, कॉलेजच्या खिडकीवरचा कारकून मुलीला चौथ्यांदा उद्या या म्हणाला, की दोघं बापलेक हिच्या तोंडाकडे बघायचे. भांडायला भोंगा पुढे. आणि भांडण जिंकून आली की दोघं म्हणायचे, इतकं ओरडायची काय गरज होती.

मग तिचं पोट दुखायला लागलं. दुखणं अंगावर काढायची सवय, ओव्याची फक्की मारून ती कामावर जात राहिली. अपेंडिक्स आत फुटलं तेव्हा ती कांड्यांच्या टोपलीवर आडवी झाली. जवळच्या खाजगी रुग्णालयात तिला नेलं. तिथले मोठे डॉक्टर गोरेगोमटे, हसतमुख, बोलायला लाघवी. ऑपरेशन झालं, पण विष पोटभर पसरलं होतं. तिला व्हेंटिलेटरवर ठेवलं, घशात नळी घालून. पंधरवडाभर ती तशीच, शुद्धी-बेशुद्धीच्या मधे. बाहेर आली तेव्हा डॉक्टर नवऱ्याला म्हणाले, "यमाच्या हातातून काढून आणलंय." ते खरंच होतं. घरी जाताना भोंगाताईने त्यांना दोन्ही हात जोडले आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

घसा थोडे दिवस बसलेला होता, मग आवाज परत आला. ती कामावर रुजू झाली. पण पुढच्या काही आठवड्यांत तिच्या लक्षात आलं, की एक हाक मारली की दुसरीसाठी थांबावं लागतंय. आधी जिना चढताना धाप लागायची, मग बोलताना, मग नुसतं बसल्या जागी. श्वास आत घेताना एक बारीक शिट्टी वाजायची, दाराच्या फटीतून वारा घुसावा तशी.

ती त्याच डॉक्टरांकडे गेली. त्यांनी विचारलं, "कामाला कुठे असता?"

"मागाच्या कारखान्यात."

"मग झालं तर. कापसाचे कण. दमा आहे तुम्हाला." छातीला नळी लावायच्या आधीच निदान झालं होतं. नळी नंतर लावली, रीत म्हणून.

"अहो, वीस वर्षं झाली मला तिथे. तेव्हा कधी काही झालं नाही. तुमच्याकडून आल्यावरच सुरू झालंय."

"वीस वर्षांचं साठलेलं असंच एकदम वर येतं," डॉक्टर हसून म्हणाले आणि पंप लिहून दिला.

पंपाने काही फरक पडेना. तेव्हा दुसरा, जास्त ताकदीचा पंप दिला. त्यानेही पडेना, तेव्हा गोळ्या. गोळ्यांनी तिचं तोंड सुजून भाकरीएवढं झालं आणि शिट्टी तशीच राहिली. मालकांनी तिला बोलावून घेतलं. "ताई, जिवापेक्षा मुकादमकी मोठी नाही. कापूस तुम्हाला बाधतोय," असं म्हणून त्यांनी तिची जागा जॉबरच्या मेहुण्याला दिली. त्यांना खरंच वाईट वाटत होतं, आणि मेहुण्याला ते आधीच हो म्हणून बसले होते.

शेवटी डॉक्टर म्हणाले, "निम्मं आजारपण मनाचं असतं, बाई. तुम्ही घाबरता, म्हणून धाप लागते."

घरी येऊन मुलीने तेच सांगितलं. "आई, तू सारखी बोलतेस ना, म्हणून होतं. थोडे दिवस गप्प राहून बघ." नवऱ्याने मान डोलावली.

जिचा आवाज अख्खा कारखाना ऐकतो तिला श्वास पुरत नाही, हे कुणाच्या गळी उतरत नव्हतं. लांडगा आला म्हणून ती कधी खोटं ओरडली नव्हती. पण आयुष्यभर ओरडली होती एवढं खरं, आणि लोकांच्या लेखी दोन्ही सारखंच.

एका सकाळी भाजीची पिशवी घेऊन जिना चढताना ती मधल्या पायरीवर बसली ती उठलीच नाही. ओठ निळे पडले होते. खालच्या मजल्यावरच्या बाईने तिला गाडीत घातलं आणि कुणाला न विचारता सरळ सरकारी मोठ्या रुग्णालयात नेलं.

तिथे छातीची ऑपरेशनं करणारी एक सर्जन बाई दुसऱ्याच रोग्यासाठी खाली आली होती. शिडशिडीत, केस कसेतरी बांधलेले, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. ती दारातच थबकली आणि नुसती ऐकत राहिली.

"हिला दम्याची औषधं कुणी दिली? दम्यात श्वास सोडताना शिट्टी वाजते. हिची घेताना वाजतेय." मग वाकून भोंगाताईला विचारलं, "तुम्हाला कधी घशात नळी घालून ठेवलं होतं का? बरेच दिवस?"

भोंगाताईने मान हलवली. इतक्या महिन्यांत तिला कुणीतरी पहिल्यांदा कामाचा प्रश्न विचारला होता.

दुसऱ्या दिवशी दुर्बीण घालून बघितल्यावर सर्जन बाई खाटेवर बसली आणि तिने सगळं समजावून सांगितलं. "ती नळी घट्ट बसावी म्हणून तिच्याभोवती हवेचा एक छोटा फुगा असतो. तो किती फुगवायचा याला माप असतं आणि ते पुन्हा पुन्हा तपासावं लागतं. जास्त फुगला, तर श्वासनळीच्या आतल्या अस्तराचा रक्तपुरवठा तुटतो. तेवढी गोल पट्टी मरते. पुढे जखम भरते, पण वण आकसतो. भाजल्यावर कातडी आकसते तसा. तुमच्या श्वासनळीत आता पेन्सिलसुद्धा जाणार नाही."

"म्हणजे कापूस नाही," भोंगाताई म्हणाली.

"कापसाचा काही संबंध नाही."

"मग चूक कुणाची?"

सर्जन बाईने चष्मा काढून पुसला. "मी तिथे नव्हते. काळजी घेऊनही कधी कधी होतं हे. पण जखम बघून मला नाही वाटत तो फुगा कुणी मोजत होतं. आणि नंतर तरी ओळखायलाच हवं होतं."

आधी दुर्बिणीतून एक फुगा आत सोडून ती जागा रुंद केली. भोंगाताई म्हणाली, "घर ज्याने जाळलं त्यालाच पाणी मारायला बोलावलंत." सर्जन बाई हसली. तिला ही बाई आवडली होती. पण हा उपाय फार दिवस टिकला नाही. नळी पुन्हा आवळली, पुन्हा रुंद केली. तिसऱ्यांदा तर ती इतकी झपाट्याने आवळली, की भोंगाताई प्राणवायू लावलेल्या अवस्थेत, धड जागी ना धड झोपलेली अशी रुग्णालयात आली. आता खराब झालेला तेवढा भाग कापून काढायचा आणि वरचं टोक खालच्या टोकाला शिवायचं, एवढाच मार्ग उरला होता. नवरा आणि सर्जन बाई बाहेर बोलत उभे असलेले तिला काचेतून धूसर दिसले. मग तिला आत नेलं.

ती जागी झाली तेव्हा तिची मान खाली वाकलेली होती. वर करू गेली तर कातडी ओढली गेली. हनुवटीतून एक जाड टाका घेऊन तो छातीच्या कातडीला बांधला होता. आतली शिवण कोवळी आहे, मान वर झाली तर ताण बसून ती उसवेल, म्हणून आठवडाभर असंच राहायचं, असं नर्सने सांगितलं. बोलायलाही बंदी होती. आठवडाभर भोंगाताईने जगातलं जे काही पाहिलं ते म्हणजे आपली मांडी, पांघरूण आणि भेटायला येणाऱ्यांची पावलं.

धाकटा दीर आला. पाहून म्हणाला, "वहिनी, शेवटी मान खाली घातलीत म्हणायची." सगळे हसले. नवऱ्याचा चेहरा तिला दिसत नव्हता, पण त्याच्या चपला ती ओळखत होती. हसताना त्या जागच्या जागी हलल्या.

टाका काढला त्या दिवशी तिने मान वर केली आणि श्वास घेतला. तो आत गेला, गेला, पार तळापर्यंत गेला. शिट्टी नाही, अडखळणं नाही. तिने पुन्हा घेतला. असा श्वास आपण आयुष्यभर फुकट घेत होतो याचं तिला नवल वाटलं. डोळे भरून आले. मुलीला हाक मारायला तिने तोंड उघडलं, आणि नुसती हवा बाहेर पडली. फुंकर मारल्यासारखी.

"येईल हळूहळू," नर्स म्हणाली.

सर्जन बाईने तसं म्हटलं नाही. तिने घशात पुन्हा दुर्बीण घालून बघितलं, आणि मग खुर्ची ओढून समोर बसली. नवरा शेजारीच उभा होता. "श्वासनळीच्या दोन्ही अंगांनी आवाजाच्या नसा जातात. सुताच्या धाग्याएवढ्या. तुमच्या त्या वणात पार गुरफटल्या होत्या. सोडवताना डावीकडची दुखावली. परत येईल, किंवा येणार नाही. असं होऊ शकतं हे मी आधी यांना सांगितलं होतं. तुम्ही शुद्धीवर असाल तेव्हा तुमच्या कानावर घाला, असंही म्हटलं होतं." तिने एकदा नवऱ्याकडे आणि एकदा भोंगाताईकडे पाहिलं. "घातलं नाही का?"

नवरा अंगठ्याचं नख बघत होता.

"मग चूक माझी आहे," सर्जन बाई म्हणाली. "तुम्ही जरा जाग्या होईपर्यंत थांबून मीच तुम्हाला विचारायला हवं होतं."

भोंगाताई तिच्यावर रागावली नाही. चुकलं म्हणणारं माणूस तिला या सगळ्यात पहिल्यांदाच भेटत होतं.

घरी आल्यावर तिने दार लावलं, नवऱ्याच्या हातातलं घड्याळ काढून बाजूला ठेवलं आणि त्याच्या कानाशी तोंड नेलं. "का नाही सांगितलंस?"

"तू नाही म्हणाली असतीस."

"ते मी ठरवलं असतं."

"अगं, जीव जात होता तुझा. आवाजाचं काय घेऊन बसलीस?"

"तेवढंच? जीव वाचावा एवढंच होतं तुझ्या मनात?"

नवऱ्याची नजर बाजूला ठेवलेल्या घड्याळाकडे गेली. तो काही वाईट माणूस नव्हता. खोटं बोलायचं तर त्याला वेळ लागायचा, आणि तेवढा वेळ भोंगाताईला पुरला. तिने घड्याळ उचलून परत त्याच्या हातात दिलं.

आता तिला एक गोष्ट हवी होती. त्या गोऱ्यागोमट्या डॉक्टरांनी तोंडाने म्हणावं, की हे आमच्या नळीने झालं, कापसाने नाही. बाकी काही नको. ती एकटीच जाणार होती, पण तिची कुजबुज तिथल्या गर्दीत कोण ऐकणार, म्हणून मुलीला बरोबर घेतलं.

डॉक्टर उठून उभे राहिले. "वा, छान दिसताय. श्वास कसा आहे?"

भोंगाताईने बोलायला सुरुवात केली. डॉक्टरांनी कपाळाला आठ्या घालून कान पुढे केला. "जरा मोठ्याने बोला ना," ते म्हणाले. मग त्यांनी मुलीकडे पाहिलं. "काय म्हणतायत?"

भोंगाताई म्हणाली होती, "तुमच्या फुग्याने माझी श्वासनळी सडवली, आणि मी मरत असताना तुम्ही मला भित्री म्हणालात."

मुलगी म्हणाली, "आई म्हणते, तिला नंतर बराच त्रास झाला."

भोंगाताईने मुलीचा दंड धरला. "मी बोलले ते सांग. शब्दाला शब्द."

"आई म्हणते, आधी कळलं असतं तर बरं झालं असतं."

"अहो, होतं कधी कधी," डॉक्टर मनापासून म्हणाले. "लाखात एखाद्याला होतं. पण जीव वाचला, ते महत्त्वाचं. तेव्हा आम्ही नळी घातली नसती, तर आज तुम्ही इथे बसला नसता." मग ते मुलीला म्हणाले, "आईची काळजी घे हं. फार सोसलंय त्यांनी."

भोंगाताईने टेबलावर हात आपटला. पेनं उडाली. डॉक्टर दचकले, आणि मुलगी पटकन म्हणाली, "सॉरी, औषधांमुळे तिची जरा चिडचिड होते."

बाहेर आल्यावर मुलगी म्हणाली, "उगाच कशाला वाईटपणा घ्यायचा, आई? त्यांनी किती नीट ऐकून घेतलं." तिला खरंच वाटत होतं, आपण प्रसंग चांगला निभावला. भोंगाताई तिच्या पुढे चार पावलं चालत घरापर्यंत आली. त्या दिवसानंतर तिने मुलीला पुन्हा कधी आपल्या वतीने बोलू दिलं नाही.

कारखान्यात ती परत गेली. कापसाचा दोष नव्हता हे तिने मालकांच्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं. मालक म्हणाले, "पण ताई, मागांपुढे आता तुमचं कोण ऐकणार?" हे खोटं म्हणता येत नव्हतं. त्यांनी तिला घडी खात्यात बसवलं. तिथे भिंतीपलीकडे खडखड ऐकू यायची आणि अलीकडे बायका मुकाट्याने कापड मोजून घड्या घालायच्या. जॉबरचा मेहुणा गळ्यात शिट्टी अडकवून फिरायचा.

घरात शांतता नांदू लागली. नवरा संध्याकाळी तोंडभर गप्पा मारायला लागला. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण त्याला इतकं बोलायचं असतं हे तिला माहीतच नव्हतं. नळ पुन्हा गळायला लागला. घरमालकाला नवऱ्याने दोनदा सांगितलं, तो दोनदा हो म्हणाला, आणि खाली बादली ठेवायची सवय झाली.

मुलीने ऑफिसातल्या एका मुलाशी लग्न ठरवलं. त्याचे आईवडील भेटायला आले. भोंगाताईने चहा केला, समोर बसली, मान हलवत राहिली. निघताना मुलाची आई म्हणाली, "तुमच्या मिसेस किती शांत आहेत हो. मुलगी अगदी आईवर गेलीय."

"हो," नवरा म्हणाला, "पहिल्यापासूनच शांत आहे ती."

मुलगी हसली. भोंगाताईने रिकामे कप ट्रेमध्ये ठेवले, ट्रे उचलला, आत नेला आणि मोरीत एकेक कप घासून पालथा घातला. दुसऱ्या दिवशी कामावर न जाता ती सर्जन बाईच्या दारात जाऊन बसली.

सर्जन बाईने नेहमीप्रमाणे कान तिच्या तोंडाजवळ आणला. बाहेर रांग होती, तरी तिने घाई केली नाही. "एक उपाय आहे," ती म्हणाली. "आवाजाची एक पट्टी लुळी पडलीय. गळ्याला बाहेरून छोटा छेद देऊन, आत एक तुकडा बसवून ती मधे ढकलता येते. इथले कानाघशाचे डॉक्टर करतात ते. थोडा आवाज येईल. पहिला येणार नाही, हे आत्ताच सांगते."

"नळी घालणार?"

"नाही. तुम्ही जाग्या असाल. मधेमधे बोलायलाच सांगतील."

नवरा म्हणाला, "पुन्हा चिरफाड कशाला? चाललंय ना सगळं नीट." मुलगी म्हणाली, "लग्नानंतर बघू." भोंगाताईने त्या दोघांना विचारलंच नव्हतं. ती एकटी गेली, आणि जिथे सही करायची तिथे तिने स्वतः सही केली. टेबलावर डोळे उघडे ठेवून पडली. गळ्याशी ओढाताण चालू होती. कानाघशाचे डॉक्टर म्हणाले, "बोला काहीतरी." तिने स्वतःचं नाव सांगितलं. ते जाड्याभरड्या आवाजात, चिंधी फाडावी तसं बाहेर पडलं. ती दचकली. हा आपला आवाज नव्हे. पण खोलीतल्या सगळ्यांनी तो ऐकला होता.

पुढे तो तेवढाच राहिला. पाच-सात वाक्यं नीट येतात, मग तो खरखरत विरून जातो आणि तासभर गप्प बसावं लागतं. मागांपुढे त्याची काही मात्रा चालत नाही, त्यामुळे मुकादमकी मेहुण्याकडेच आहे. गोरेगोमटे डॉक्टर आजही रुग्णालय चालवतात, आणि रस्त्यात दिसली तर तिला ओळख देतात. ती देत नाही. मुलगी सासरहून फोन करते तेव्हा म्हणते, "आई, फोनवर तुझा आवाज भीतिदायक वाटतो गं, बाबांना दे."

पाच-सातच वाक्यं असली की माणूस ती बघून वापरतं. नव्या आवाजाच्या पहिल्याच आठवड्यात दोन वाक्यं घरमालकावर गेली आणि नळ बदलला गेला. बाकीची बहुतेक घडी खात्यातल्या बायकांवर जातात. कुणाला कुठल्या रुग्णालयात न्यायचं, डॉक्टरला काय विचारायचं, आपल्या माणसाच्या घशात नळी असेल तर तिचा फुगा मोजताय का असं दर दिवशी कसं विचारत राहायचं, हे ती सांगते, आणि त्या कापड खाली ठेवून जवळ सरकतात. नवरा ओळखीच्यांना सांगतो, "आता अगदी ठणठणीत आहे, पहिल्यासारखी." भोंगाताई शेजारीच असते. ती काही म्हणत नाही. त्याला खोटं पाडायचं तर एक वाक्य जाईल, आणि ते त्याच्यावर घालवायची तिची इच्छा नसते.